सालीखालचे ऱ्हॅजियम : यंदाची प्रगती

स्वीडनमधल्या उप्सालाजवळच्या पाइनच्या रानात बर्फ वितळला आणि माझं ऱ्हॅजियमचं काम पुन्हा सुरू झालं. लॉन्गहॉर्न, म्हणजे लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या मोठ्या घराण्यातली ही छोटीशी जातकुळी, पण हिच्या मिशा आखूड, जेमतेम खांद्यापर्यंत पोचणाऱ्या. त्यामुळे नवखा माणूस चकतो. छातीच्या दोन्ही बाजूंना टोकदार काटा दिसला की शंका मिटते.

यंदा ऱ्हॅजियम इन्क्विझिटर या जातीची कोषाची खोली, म्हणजे सालीखाली अळी जिथे कोषात जाते ती छोटी जागा, फोटोत टिपायची होती, तीही आत भुंगेरा असताना. ते साधलं! मेलेल्या पाइनची सुटत आलेली साल जराशी उचलली, तर खाली लाकडाच्या जाड, पांढुरक्या धाग्यांचं लंबगोल कडं, अगदी चुंबळीसारखं. कोषात जाण्याआधी अळीच हे धागे कुरतडून रचते. मधोमध भुंगेरा निपचित पडलेला. अंगावर राखाडी लव, तिच्यात काळे डाग आणि पंखांवर उभे कंगोरे. फ्लॅश समोरून मारला की कंगोरे फोटोत सपाट होतात. बाजूने तिरका उजेड टाकल्यावर छान उठून आले.

उन्हाळा सरता सरता हा भुंगेरा कोषातून निघतो, पण खोली सोडत नाही. अख्खा हिवाळा तिथेच काढतो. पारा उणे २५ अंशांखाली गेला तरी तो गोठत नाही, कारण त्याच्या अंगातली काही प्रथिनं बर्फाच्या कणाला चिकटून त्याची वाढ रोखतात. त्यातल्या एकाची रचना २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सपाट पृष्ठभाग आणि त्यावर थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या रांगा, त्यांच्याच जोरावर ते बर्फाला चिकटतं! माझ्या लेखी लांबलचक मिशांपेक्षा ही करामत कितीतरी मोठी.

भुंगेरा उडून गेल्यावरही कडं मागे राहतं, म्हणून आता रिकामी कडीही नोंदवतो. ओंडक्यात वस्ती होती का, ते त्यांवरून कळतं आणि घट्ट सालीला हात लावावा लागत नाही. ती उचकटू नकाच. साल गेली की अळीचं अन्नही जातं आणि आसराही.

पुढचा नंबर ऱ्हॅजियम मॉर्डॅक्स या दुसऱ्या जातीचा. तो पानझडी झाडांचा, म्हणून आता बर्चचे पडलेले बुंधे धुंडाळायचे. पंखांवर दोन पिवळसर पट्टे आणि त्यांच्यामध्ये कडेला ठळक काळा डाग, ही त्याची खूण. कुणाला त्याची कोषाची खोली सापडली असेल, तर झाड कोणतं आणि साल किती जाड होती, तेवढं जरूर कळवा.