घोरण्यापासून सीपॅपपर्यंत : अडलं ते मास्कपाशी

घोरण्याची तपासणी वेळेत झाली, स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचं, निदानही लगेच झालं. गाडी अडली ती सीपॅपच्या, म्हणजे झोपेत दाबानं हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राच्या, मास्कपाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही. यंत्र देताना खुर्चीत बसवून मास्क चेहऱ्याला लावला, पट्टे ओढले, सही घेतली, झालं. मास्कचं माप आडवं झोपून आणि यंत्र चालू ठेवून घ्यायचं असतं, हे एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर तीन आठवड्यांची झोप वाचली असती.

कारणं थोडक्यात सांगते तर ती अशी: झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते आणि तिथून जाणाऱ्या हवेनं मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते. तोच तो आवाज. चोंदलेलं नाक, नाकाचं वाकडं हाड, वाढलेले टॉन्सिल्स, मानेभोवतीची चरबी, मागे असलेला जबडा, रात्रीची दारू, झोपेच्या गोळ्या, उताणं झोपणं, यातलं काहीही ही वाट आणखी अरुंद करतं. सर्दीपुरतं घोरणं असेल आणि दिवसभर तरतरी असेल तर धावपळीचं कारण नाही. कुशीवर झोपून आणि झोपण्याआधीची दारू बंद करून बघावं.

पण घोरता घोरता आवाज एकदम थांबतो, काही सेकंद शांतता, मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास, असं होत असेल तर थांबू नका. सकाळी जड डोकं, गाडी चालवताना पेंग, रात्री लघवीला वारंवार उठणं, औषधं घेऊनही न उतरणारं बीपी, या खुणा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर ‘मोठं झाल्यावर जाईल’ म्हणून सोडू नये. टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड्स (नाकाच्या मागच्या बाजूच्या गाठी) तपासून घ्यावेत.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या रात्रभराच्या तपासणीत, १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला, किंवा तो बराच उथळ होऊन ऑक्सिजन उतरला, की एक घटना धरतात. अशा घटना तासाला ५ पर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. घरी केलेल्या चाचणीत बोटावरचा सेन्सर रात्री निसटला तर रिपोर्ट अर्धवट येतो, म्हणून तो चिकटपट्टीनं पक्का करा आणि नेलपॉलिश काढून टाका. बहुतेक घरगुती चाचण्या मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे जागेपणाचे तासही झोपेत धरले जातात आणि आकडा कमी दिसू शकतो. लक्षणं ठळक असूनही रिपोर्ट चांगला आला तर लॅबमधली चाचणी मागा.

आता मास्क. आडवं झालं की गालांचं मांस बाजूला सरकतं, जबडा सैल पडतो आणि बसून घेतलेलं माप चुकतं. नाकाच्या मुळाशी फट पडते, तिथून हवा थेट डोळ्यांत जाते, सकाळी डोळे लाल आणि चुरचुरते. मग हात आपोआप पट्ट्यांकडे जातो. तीच खरी चूक. सिलिकॉनच्या कुशनला आत एक पापुद्र्यासारखी पातळ कड असते, ती हवेनं फुगून चेहऱ्याला बसते. पट्टा आवळला की ती कड चेपते, तिला सुरकुती पडते आणि गळती वाढते. शिवाय नाकावर वळ उठतो तो वेगळाच.

बरोबर पद्धत अशी. नेहमीच्या उशीवर झोपा, यंत्र चालू करा, दाब पूर्ण चढू द्या. मास्क चेहऱ्यापासून सेंटिमीटरभर उचला, कुशन फुगू द्या, अलगद टेकवा. मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, थोडे थोडे ओढा, पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. कुशीवर वळून पुन्हा तपासा. मास्कच्या पुढच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, ती छिद्रं कधीही बुजवू नका.

झोपण्याआधी चेहरा धुवा, क्रीम लावू नका. तेलकट त्वचेवर कुशन घसरतं. ते रोज सौम्य साबणानं धुवावं. नाकाचा मास्क लावूनही सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर हवा तोंडावाटे निसटते आहे: आधी चोंदलेल्या नाकावर इलाज, तरी थांबलं नाही तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. सुरुवातीच्या ४ सेंमी दाबावर (हा दाब पाण्याच्या उंचीच्या सेंमीत मोजतात) श्वास अपुरा वाटला तर यंत्र काढून ठेवू नका, डॉक्टरांना विचारून तो आकडा थोडा वाढवून घ्या. नळीत पाणी साठून गुडगुड झाली तर यंत्र उशीच्या पातळीच्या खाली ठेवा आणि नळी पांघरुणाखालून घ्या. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा दमट करणाऱ्या यंत्राच्या पाण्याच्या भांड्यात, डिस्टिल्ड वॉटर घाला. सवय होईपर्यंत दिवसा जागेपणी अर्धा-पाऊण तास मास्क लावून बसलं तर खूप फरक पडतो.

आधीच सांगायचं राहिलं ते म्हणजे पहिल्या भेटीला जाण्यापूर्वी रात्रीचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून न्या. आणि यंत्र घेताना सही करण्याआधी तिथेच आडवं व्हायला जागा मागा, दोन-तीन मापांची कुशन्स लावून बघा, मास्क किती दिवसांत बदलून मिळेल ते लिहून घ्या.