कोल्हापूरच्या गुळाची वाघीण: मापं शोधत केलेली फेरी

रेल्वेची मॉडेलं करणाऱ्याने कोल्हापुरात जाऊन बघावं असं काय आहे? खरं सांगायचं तर मांडून ठेवलेलं असं काहीच नाही. मला मात्र १:८७ प्रमाणात मीटरगेजची (एक मीटर रुंदीच्या रुळांवरची) बंद वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, करायची होती, तीही गुळाची, आणि गुळाच्या वाघिणीसाठी कोल्हापूर सोडून जाणार कुठे? मीटरगेज जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. म्हणजे इथे वाघीण बघायला जायचं नाही, तिच्या खुणा गोळा करायला जायचं. ही तयारी असेल तर फेरी वाया जात नाही.

निघण्याआधी घरीच एक काम उरका: साल ठरवा. मिरज-कोल्हापूर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा फाटा कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधला. १८८८ साली शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला, १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. मालक संस्थान, पण गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. ती १९०८ मध्ये मद्रास रेल्वेला जोडली गेली आणि एम. अँड एस. एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) झाली. १९४४ ला ती कंपनी सरकारने ताब्यात घेतली, १९५१ ला दक्षिण रेल्वे आली, ऑक्टोबर १९६६ मध्ये हुबळी विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला, आणि १९७१ ला इथे ब्रॉडगेज आलं. मार्ग तोच, गूळ तोच, पण वाघिणीच्या कुशीवरची अक्षरं इतक्या वेळा बदललेली. 'जुनी वाघीण' असं मोघम मॉडेल केलं की जाणकार पहिल्या नजरेत विचारतो, कुठल्या सालातली? मी १९६६ च्या आधीचा गुळाचा हंगाम धरला, म्हणजे दक्षिण रेल्वेची अक्षरं. वाघिणी एकमेकींच्या हद्दीत फिरायच्या, म्हणून पाच-सहा वाघिणींच्या रांगेत एखादी परक्या रेल्वेची घातली तरी चालते. उलट ती असली की रांग खरी वाटते.

हंगाम धरला त्यालाही कारण आहे. दिवाळी पाडव्याला गुळाचे सौदे निघतात आणि पुढे थंडीभर मार्केट यार्ड गजबजलेलं असतं. फेरीसाठी हाच काळ धरा. पावसाळ्यात यार्डात बोलायला माणसं मोकळी सापडतील, पण दाखवायला काही नसेल, आणि पंचगंगा चढली की रुकडीच्या बाजूला जायचं नावही काढायला नको.

सौदे सकाळी असतात. कॅमेरा पिशवीतच ठेवून आधी नुसतं उभं राहा. कापडात बांधलेले तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, थप्पीला लागलेले असतात. अडते, तोलाईदार, हमाल सगळे घाईत. सौदा आटोपून चहाची वेळ झाली की मग विचारायचं. मला ज्यांच्याकडे पाठवलं ते आबा आता काम करत नाहीत, पण रोज यार्डात येऊन बसतात. मी 'वाघीण भरताना' म्हटलं मात्र, त्यांनी मला खाली बसवलं.

"आमचा बा भरायचा. मी पोरगं हुतो, डबा घिऊन जायचो. खाली पाचट अंथरायची, भिताडालाबी लावायची. पत्रा तापला की गूळ सुटतोय नव्हं. मग रवं. दाराच्या तोंडाशी शेवटाला ठेवायचं, तितं हात घालून चोरी हुती म्हणून लई दाबून."

"दार सरकायचं की उघडायचं, आबा?"

"उघडायचं की! दोन पाखं, भाईर. उघडलं की फळी टाकायची धक्क्यावरनं. फळी नसली तर काय उडी मारतोस?"

मापाच्या कागदावर हे कधीच मिळालं नसतं. दार बाहेर उघडतं म्हणजे धक्क्याच्या देखाव्यात वाघीण थोडी लांब उभी करावी लागते, मधे फळी टाकावी लागते आणि दाराची पाखं दोन्हीकडे कुशीला टेकवून ठेवावी लागतात. उघड्या दारातून पाचटाच्या काड्या दिसल्या पाहिजेत. (झाडूच्या बारीक काड्या त्याला झकास चालतात.) एक सल्ला मात्र देतो: अशा माणसांना 'किती फूट' हे विचारू नका, आकडा चुकीचाच येईल. 'आत उभं राहिलं की डोकं लागायचं का', 'किती थरांत रवे बसायचे' असं विचारा. कामाची आठवण अंगात असते, आकड्यांची नसते.

दुसरा ऐवज मिळाला शाहूपुरीतल्या एका व्यापाऱ्याच्या घरी. ओळखीच्या ओळखीतून गेलो होतो. शेठनी भिंतीवरचा फोटो उतरवून हातात दिला: कुणाच्या तरी लग्नाचं वऱ्हाड फलाटावर उभं, मागे शाईने १९६४. सगळे फोटोग्राफरकडे बघताहेत, मी त्यांच्या खांद्यांच्या मधल्या फटीतून मागे बघत होतो. मागच्या रुळावर बंद वाघीण उभी. टोकाला मधोमध एकच बफर आणि त्यावर आकडी. ब्रॉडगेजच्या जुन्या वाघिणींना दोन बाजूंना दोन बफर असायचे, म्हणजे मीटरगेजची शंका मिटली. कुशीचे उभे पट्टे मोजता येत होते, दाराचा कडीकोयंडा स्पष्ट होता आणि अक्षरं अर्धी फेट्यामागे गेलेली. दाराला पाठ टेकून एक गडी उभा होता. तो कोण, हे शेठना माहीत होतं, आणि तो 'साडेपाच फुटांच्या वर नव्हता' हेही. वाघिणीला टेकलेला असल्याने तिच्याच पातळीत उभा, त्यामुळे पट्टी म्हणून तो चालतो. त्याच्यावरून दाराची उंची, दारावरून कुशी, असं करत चार-पाच टक्क्यांच्या फरकाने मापं निघतात. नंतर ती छापील आराखड्याशी ताडायची. आराखड्यांसाठी आयआरसीएच्या (इंडियन रेल्वे कॉन्फरन्स असोसिएशन) नियमपुस्तकाचा मालवाघिणींचा भाग ३ आणि लखनौच्या आरडीएसओची (रेल्वेची संशोधन आणि आराखडा संस्था) वॅगन डायग्राम ही नावं लक्षात ठेवा.

असे फोटो घराघरांत आहेत. मागताना 'रेल्वेचा फोटो आहे का' म्हटलं तर नाही म्हणतात. 'स्टेशनवर काढलेला घरचा फोटो आहे का' असं विचारा. मूळ फोटो घेऊन जायची गोष्टच काढू नका. तिथेच खिडकीच्या उजेडात, काच काढून, मोबाईल सपाट धरून टिपायचा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचंही तसंच. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्या कुटुंबांनी काढलेले फोटो कुठे बघायला मिळाले तर माणसांच्या मागे काय उभं आहे ते आधी बघा.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. संस्थानकाळातलं काही चाळायचं तर सुरुवात तिथून करावी. पुराभिलेखागारात जायचं तर ओळखपत्र आणि काय हवंय याचा नेमका अर्ज सोबत न्या. 'रेल्वेसंबंधी सर्व' असं लिहिलं तर कुणी मदत करू शकत नाही. साल आणि विषय लिहा. मोडी येत नसली म्हणून बिचकू नका, माझ्यासमोर आलेला रेल्वेचा पत्रव्यवहार इंग्रजीत होता. मापं मात्र तिथे मिळणार नाहीत. मिळतो तो संदर्भ: काय येत होतं, काय जात होतं, कशावरून कुरकुर होती.

आता मालधक्का. आज तिथे दिसते ती ब्रॉडगेजची बीसीएन घराण्यातली बंद वाघीण. मीटरगेजवाल्याला तिचा थेट उपयोग नाही, तरी तासभर द्या, कारण वाघीण 'वाचायला' शिकण्याची हीच जागा. अकरा आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, मग दोन बांधणीच्या सालाचे, चार त्या वाघिणीचे आणि शेवटचा पडताळणीचा. शेजारी रिकामं वजन, वहनक्षमता, मोठी दुरुस्ती कधी झाली, परत कधी पाठवायची, हे सगळं स्टेन्सिलने. कुठे रंग नवा, कुठे जुन्या अक्षरांवर चौकोनी ठिगळ मारून नवी अक्षरं, दाराच्या कडीखाली हात लागून लागून चकाकलेला पट्टा. पोत्यांच्या धुळीने चौकटीचा खालचा हातभर भाग फिका पडलेला. बुरशीसारखा सगळीकडे सारखा गंज चढवलेली मॉडेलं बघून मला वैताग येतो. खरी वाघीण जिथे माणसाचा हात लागतो तिथे झिजते आणि जिथे पाणी साठतं तिथे गंजते.

परवानगी घेतल्याशिवाय मालधक्क्यावर किंवा रुळांत पाऊल टाकू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि वर आता विजेची तार आहे, हातात उंच काठी-पट्टी अजिबात नको. मालबाबूंना जाऊन भेटा, काय करताय ते मॉडेल दाखवून सांगा. तयार मॉडेल खिशात असलं की अर्धं काम होतं. मी डबीतून एक छोटी वाघीण काढली तेव्हा आधी हसू, मग सगळे गोळा झाले. परवानगी नाहीच मिळाली तर दहा रुपयांचं फलाट तिकीट काढा आणि फलाटावरून दिसेल तेवढं बघा. लांबूनच मापायचं तर चाक ही उत्तम पट्टी: बीसीएनचं नवं चाक १००० मिलिमीटर व्यासाचं असतं, झिजून थोडं कमी होतं. फोटो शक्य तितका लांबून, झूम करून, बरोबर समोरून काढा. जवळून काढलेल्या फोटोत टोकं वाकतात.

मिरजेला जाणाऱ्या पॅसेंजरने एक चक्कर माराच. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. एक्स्प्रेसने गेलात तर यातलं निम्मं नुसतं पाटीपुरतं दिसेल. मी मधे एका ठिकाणी उतरलो तेव्हा स्टेशनजवळच्या गोठ्याला आधार म्हणून जुने रूळ पुरलेले दिसले, अगदी हलक्या छेदाचे. रुळाच्या पोटावर उठावदार अक्षरं असतात: कारखाना, वजन, साल. मालकांना विचारून, वर साधा कागद धरून पेन्सिल आडवी घासली. '१९' उमटलं, पुढचे दोन आकडे गंजाने खाल्लेले. पण छेदाची उंची आणि माथ्याची रुंदी कॅलिपरने मिळाली, आणि मॉडेलच्या रुळाला तेवढं पुरतं. म्हशीने मात्र सगळा वेळ संशयाने बघितलं.

मिरज जंक्शनबद्दल लिहायला बसलो तर वेगळा लेख होईल. मीटरगेज, १९२७ पासून बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज, आणि १९७१ नंतर ब्रॉडगेज, असे तिन्ही गेज इथे एकत्र नांदले. नवख्यांना माझा सल्ला: पहिली वाघीण बार्शी लाईटची करा. ती रेल्वे आखणाऱ्या कॅलथ्रॉपने सगळ्या मालवाघिणींना एकच माप लावलं होतं, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, लीड्स फोर्जच्या दाबीव पोलादी चौकटीवर. १:८७ मध्ये साधारण ८७.५ बाय २४.५ मिलिमीटर. एक चौकट जमली की पुढचं सगळं त्यावरच. शिवाय ७६२ मिलिमीटरचा रूळ या प्रमाणात पावणेनऊ मिलिमीटर येतो, म्हणजे बाजारातला ९ मिलिमीटरचा एन गेज रूळ चालतो. मीटरगेजला साडेअकरा येतात, १२ चा रूळ मिळतो. गोची आहे ती ब्रॉडगेजची: १६७६ चे सव्वाएकोणीस व्हायला हवेत आणि आपण सगळे मुकाट्याने साडेसोळावर चालवतो. वाघीण बरोबर आणि खालचा रूळ अरुंद, हे मला कधीच पटलेलं नाही. मी मीटरगेजकडे वळलो त्यामागे हेही आहे.

कोल्हापूरचा खरा फायदा शेवटी शिवाजी उद्यमनगरात झाला. मीटरगेजच्या चाकांचा व्यास १:८७ मध्ये आठ मिलिमीटरच्या आसपास येतो आणि तशी तयार चाकं मिळवणं कटकटीचं. लेथवाल्या दादांना कागदावर चाकाचा छेद काढून दिला.

"एवढं बारकं? घड्याळाचं हाय का?"

"रेल्वेचं आहे."

"मग कोल्हापूरची गाडी लई बारीक झाली म्हणायची," असं म्हणत त्यांनी पितळेची सळई लावली. नमुन्याची जोडी तिथल्या तिथे करून दिली, आणि दुसऱ्या जोडीला धारेची गोलाई माझ्यापेक्षा नेमकी पकडली. जाताना छेद दहापट मोठा काढून न्या, मापं मिलिमीटरमध्ये लिहा, आणि पन्नास चाकांची ऑर्डर एकदम द्या. दोन-चारसाठी मशीन लावणं त्यांनाही परवडत नाही. सोमवारी उद्यमनगर बंद असतं की चालू, हे आधी फोन करून विचारा, कारण सुट्टीचा वार दुकानागणिक बदलतो.

राहायला स्टेशन आणि मध्यवर्ती बस स्थानकाच्या मधल्या भागातलं साधं लॉज धरा. यार्ड, शाहूपुरी, मालधक्का सगळं रिक्षाच्या टप्प्यात येतं. पुण्याहून येणार असाल तर कोथरूडमधलं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय वाटेत बघून घ्या. वेळ असेल तर पुढे हुबळीला, २०२० मध्ये उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात. सोबत कॅलिपर, पाच मीटरचा टेप, मऊ पेन्सिल, साधे कागद आणि भरपूर सुटे पैसे. यार्डात चहा आपणच पाजायचा असतो.