डोळा डावा, हात उजवा आणि मधले ६४ मिलिमीटर

मला डावा डोळा एकटा मिटता येत नाही. उजवा मिटतो, झटक्यात. डावा मिटायला गेलं की उजवाही अर्धा मिटतो, गाल वर येतो, ओठ वाकडा होतो आणि समोरच्याला वाटतं याच्या दाढेत काहीतरी अडकलंय. कॉलेजात असताना याचा एकदा चांगलाच फटका बसलाय, पण तो विषय इथं नको, बायको ब्लॉग वाचते.

लहानपणी गल्लीत गोट्या खेळताना मी उजवा डोळा मिटून नेम धरायचो आणि गोटी मारायचो उजव्याच हातानं, त्यामुळं मान अशी तिरकी व्हायची की पोरं चकण्या म्हणायची. नेम मात्र वाईट नव्हता. पण रंकाळ्यावर फुगे फोडायची बंदूक हातात आली की माझा पार बाजार उठायचा, दहा छर्ऱ्यांत दोन फुगे, ते पण मी नेम धरलेल्या फुग्याच्या शेजारचे. मला वाटायचं फुगेवाल्याच्या बंदुकीची नळीच वाकडी आहे. (असेल पण. तरी सगळा दोष नळीचा नव्हता हे आता कळलंय.)

तर २०२४ च्या १ ऑगस्टला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ घेतलं आणि आमच्या घरात लेकीनं नेमबाजीचा हट्ट धरला. कोल्हापूरला हे काय नवीन नाही म्हणा, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड मारलं, पण पोरांना आपल्या काळातलं लागतं. तिला क्लास लावला, रोज संध्याकाळी सोडायला-आणायला मी, तास-दीड तास बाकड्यावर बसून मोबाइल बघण्यापेक्षा आपण पण मारून बघू म्हणून वयाच्या ४३ व्या वर्षी मी एअर पिस्तूल हातात घेतलं. लेक रायफलला, बाप पिस्तूलला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टार्गेट १० मीटरवर, पिस्तूल एका हातात, दुसरा हात खिशात नाहीतर बेल्टला. पेलेट म्हणजे छर्रा साडेचार मिलिमीटरचा. मधला दहा गुणांचा गोल साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. मॅचमध्ये असे ६० शॉट मारायचे, ७५ मिनिटांत. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी माझे तीन शॉट कागदावरच आले नाहीत.

आता मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर, त्यामुळं मिलिमीटरचं मला जरा जास्तच वेड. पिस्तूलवर पुढच्या टोकाला नेम धरायचा एक छोटा उंचवटा असतो, ती फ्रंट साइट, आणि मागं एक खाच असते, दोन्हीत साधारण ३३ सेंटीमीटर अंतर. खाचेत पुढची साइट बरोबर मधोमध दिसायला हवी, दोन्ही बाजूला सारखा उजेड, वरची कड एका लेव्हलला. ती साइट खाचेत १ मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर शॉट ३० मिलिमीटर सरकतो. दहाच्या जागी सात. टार्गेटवर नेम दोन-चार मिलिमीटर इकडं-तिकडं हलला तरी चालतंय, ते तेवढंच चुकतं, पण साइट हलली की चूक तीसपट. म्हणून शिकवणारे सर पहिल्या दिवसापासून ओरडतात की टार्गेट धूसर दिसू दे, नजर फ्रंट साइटवर ठेवा.

आणि माझी गोम नेमकी तिथंच होती. फ्रंट साइटवर नजर ठेवली की मला दोन फ्रंट साइट दिसायच्या. एक ठळक, एक भुतासारखी. त्यातली खरी कुठली हे ठरवण्यात हात थकायचा. मग मी डावा डोळा मिटायला जायचो, तो वर सांगितलेला तमाशा व्हायचा, चष्मा नाकावरून घसरायचा.

सरांचं निदान एकच, "ट्रिगर झटकताय तुम्ही." चार महिने हेच. माझे शॉट डावीकडं जायचे हे खरं, आणि उजव्या हातानं मारणारा ट्रिगर झटकतो तेव्हा शॉट डावीकडं जातात हेही खरं. पण झटकल्यावर ते डावीकडं आणि खाली जातात, घड्याळातल्या सात-आठच्या बाजूला. माझे सरळ नऊ वाजता पडत होते. आणि पसरलेले नव्हते, दोन ढीग होते, एक मध्याजवळ आणि एक डावीकडं सात गुणांच्या रिंगणात. फाउंड्रीत कास्टिंगचं माप असं दोन ढिगांत आलं तर आम्ही ऑपरेटरला शिव्या घालत नाही, मशीनवर दोन फिक्श्चर (माल पकडून ठेवायचे साचे) आहेत का ते बघतो. माझ्याकडं दोन फिक्श्चर होते, दोन्ही नाकाच्या दोन बाजूला. पण कामावरची अक्कल रेंजवर चालत नाही, तिथं सर सांगतील ते खरं. मी बापडा घरी रिकाम्या पिस्तुलानं पांढऱ्या भिंतीसमोर रोज शंभर वेळा ट्रिगर दाबत बसायचो. बायको म्हणायची, भिंत मेली का अजून?

शेवटी काढलं कोणी, तर लेकीनं. तिच्या बॅचला नवीन आलेल्या ट्रेनर ताईंनी सगळ्या पोरांचे डोळे तपासले होते, म्हणून घरी येऊन तिनं मला हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि म्हणाली, "पप्पा, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या नाकावर बोट धरा. पटकन, विचार नका करू." मी धरलं. ती तिकडून हसायलाच लागली. "पप्पा, तुमचं बोट डाव्या डोळ्यासमोर आलंय की!"

मग सगळं घरच तपासलं. आईची बांगडी घेतली, हात लांब करून तिच्यातून भिंतीवरच्या कालनिर्णयातली एक तारीख दोन्ही डोळ्यांनी बघायची, मग एकेक डोळा झाकायचा. ज्या डोळ्यानं बघताना तारीख बांगडीतच राहते तो मालक डोळा, दुसऱ्यानं बघितलं की तारीख उडी मारून बाहेर. आई उजवा हात उजवा डोळा. लेक पण तशीच. बायको माझ्यासारखी, हात उजवा, डोळा डावा, आणि तिला आयुष्यात याचा काडीचा त्रास झालेला नाही, सुई एका झटक्यात ओवते. साधारण दोन-तृतीयांश लोकांचा उजवा डोळा मालक असतो, बाकी बहुतेकांचा डावा, आणि त्याचा हाताशी संबंध असलाच पाहिजे असं काही नाही. हा काही आजार नाही, नंबरशी पण याचा संबंध नाही. मेंदू दोनपैकी एका डोळ्याचं जास्त ऐकतो, एवढंच.

आजोबा सांगायचे, तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद आधी त्याला नुसता उभा करायचा आणि कुठला पाय पुढं टाकतोय ते बघायचा, मग डाव शिकवायचा. रेंजवर माझा फॉर्म भरून घेतला, फी घेतली, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली, पण डोळा कोणी बघितला नाही. दोन मिनिटांचं काम होतं राव.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग हात बदला, डाव्यानं मारा. आणि त्यांनी कारोय टाकाचची गोष्ट सांगितली, हंगेरीचा नेमबाज, १९३८ ला बॉम्ब फुटून उजवा हात गेला, डाव्या हातानं शिकला आणि १९४८ आणि १९५२ अशी दोन ऑलिंपिक गोल्ड घेतली. गोष्ट जबरदस्त आहे, वाद नाही. पण त्या माणसाला दुसरा इलाज नव्हता, माझा उजवा हात तर शाबूत आहे की. तरी मी करून बघितलं. अडचण अशी की क्लबातली सगळी पिस्तुलं उजव्या हाताच्या ग्रिपची. ही ग्रिप म्हणजे लाकडात कोरलेला हाताचा साचाच असतो, खाली तळव्याला टेकू, बाजूला अंगठ्याची जागा. उजव्याची ग्रिप डाव्या हातात धरणं म्हणजे उजवी चप्पल डाव्या पायात. आठवड्यात अंगठ्याच्या बुडाला फोड आला.

मग दुसरा उपाय, डावा डोळा झाकायचा आणि उजव्याला कामाला लावायचं. मिटायचा नाही हं, झाकायचा. डोळा मिटून धरला की अर्ध्या चेहऱ्याचे स्नायू आवळतात, ते ७५ मिनिटं कोण धरणार, आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो. चष्म्याच्या डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावली, म्हणजे उजेड आत येतो पण साइट दिसत नाही. भूत गेलं, डावीकडचा ढीग पण गेला, खोटं कशाला बोलू. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतंही. पण माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर आहे, त्या डोळ्यानं साइटची कड कधी करकरीत दिसलीच नाही, आणि घरी येईपर्यंत कपाळ ठणकायचं.

तिसरा उपाय ट्रेनर ताईंनी दाखवला, आणि मला विचाराल तर पिस्तूलवाल्यानं आधी हाच करून बघावा. डोळा मालक आहे ना, मग राहू दे मालक. पिस्तूल त्याच्यासमोर न्यायचं. रायफलमध्ये हे जमत नाही, कारण रायफल खांद्याला आणि गालाला चिकटलेली, साइट ज्या बाजूच्या गालाला त्याच बाजूचा डोळा लागतो, तिथं खांदा तरी बदला नाहीतर डोळा तरी झाका. (रंकाळ्याच्या फुग्यांचं कोडं तीस वर्षांनी इथं सुटलं.) पिस्तूल हाताच्या टोकाला असतं, मोकळं. माझ्या चष्म्याच्या चिठ्ठीवर पीडी लिहिलंय ६४, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर ६४ मिलिमीटर. सगळं भांडण एवढ्या अंतराचं. पोलिसातला एक मित्र दोन हातांनी पिस्तूल धरतो, त्याचा पण डोळा डावा आहे आणि त्याला आजवर पत्ताच नव्हता, कारण दोन हातात पिस्तूल तसंही छातीच्या मधोमध येतं, डोकं जरासं वळवलं की काम झालं.

एका हातानं मारताना मात्र नुसती मान फिरवून भागत नाही. मान जास्त पिळली की तासाभरात आखडते, वर मी चष्मेवाला, नाकाच्या बाजूच्या काचेच्या कडेतून बघायला लागलो की साइट वाकडी दिसते. म्हणून पायापासून सुरुवात केली. आधी मी पार आडवा उभा राहायचो, उजवा खांदा टार्गेटकडं, छाती भिंतीकडं. त्यात हाताच्या रेषेत उजवा डोळा येतो. ताईंनी मला टार्गेटकडं थोडं थोडं उघडायला लावलं, दर दहा शॉटला डावा पाय चार बोटं पुढं, दरवेळी खडूनं पायाभोवती रेघ. छाती उघडत गेली तसा हात छातीसमोरून आत यायला लागला. तिसऱ्या रेघेवर मी डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले, आणि साइट डाव्या डोळ्यासमोर आपोआप उभी. मान सरळ. भूत नाही म्हणजे जवळजवळ नाही, एकदम फिकट.

याचं बिल मनगटाला आलं. हात आत आला की पिस्तूल टार्गेटच्या डावीकडं बघायला लागतं आणि माणूस मनगट मुरडून ते सरळ करतो, मुरडलेलं मनगट शॉट सुटताना परत जागेवर जायला बघतं. म्हणजे ग्रिपच थोडी फिरवायला हवी. तोवर मी सेकंडहँड पिस्तूल घेतलं होतं, त्यामुळं ग्रिपवर हात टाकायची मुभा होती. तळव्याच्या बाजूला एमसील भरलं, ओलं असतानाच घट्ट धरून हाताचा ठसा घेतला, सुकल्यावर कानसीनं घासलं. कास्टिंगला फेटलिंग करतात, म्हणजे घासून साफ करतात, तसंच, फक्त इथं रिजेक्शन मारणारा पण मीच. तीन रविवार गेले. ग्रिप दिसायला पार खडबडीत झालीय, पण डोळे मिटून धरली तरी साइट सरळ येते.

आता चिकटपट्टीच्या जागी उजव्या डोळ्यावर छोटा ब्लाइंडर, म्हणजे डोळ्यासमोरची झाकणपट्टी, लावतो, उरलेलं फिकट भूत पण दिसायला नको म्हणून. नियमानं तो ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. अख्ख्या लाइनमध्ये उजव्या हाताच्या सगळ्यांचा डाव्या डोळ्यावर आणि माझा एकट्याचा उजव्यावर, त्यामुळं दर आठवड्याला कोणीतरी हळूच येऊन सांगतं, "काका, उलटं लावलंय."

स्कोअर विचाराल तर चमत्कार काही नाही. दहा शॉटची सीरिज ७८-७९ वर अडकली होती ती आता ८६-८७ ला असते, आणि वाईट दिवशी परत ८०. आता ट्रिगर खरंच झटकतो तेव्हा शॉट खाली डावीकडं पडतो आणि सर मागून ओरडतात, तेव्हा मी गप मान डोलवतो, कारण यावेळी त्यांचं बरोबर असतं.

एक काम राहिलंय. चाळिशी लागल्यामुळं फ्रंट साइटची कड डाव्या डोळ्यालाही जरा मऊ दिसते. परवा चष्म्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, वाचायला हवाय का लांबचं बघायला? मी खिशातून मेजरटेप काढला, हात लांब केला, लेकीला डोळ्यापासून माप घ्यायला लावलं आणि सांगितलं, ९१ सेंटीमीटरला करकरीत दिसलं पाहिजे, त्याच्या पुढचं धूसर दिसलं तरी चालेल आणि उजव्या डोळ्याचं काय करायचं ते करा. त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा लेकीकडं बघितलं आणि विचारलं, "कॉम्प्युटरवर जरा लांबून काम करता काय?" हो म्हटलं. चष्मा सोमवारी मिळणार आहे.