पन्नास लाख डॉलरचे दोन कागद

जानेवारी २००९ च्या शेवटच्या आठवड्यात बेसबॉलमध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या. बॉस्टन रेड सॉक्सचा कर्णधार आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारा) जेसन व्हॅरिटेक याने जवळपास निम्म्या पगारावर करार केला. आणि न्यूयॉर्क यँकीजचे माजी मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) जो टोरी यांच्या ‘द यँकी इयर्स’ या पुस्तकातला मजकूर प्रकाशनाआधीच फुटला. नाशिकमध्ये बेसबॉल पाहणारी मंडळी मोजकी, त्यातली बरीचशी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४:३५ ला सुरू होतो. २०२३ मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकण्यासाठीची वेळमर्यादा) आल्यापासून तो सव्वासातच्या सुमारास आटोपतो. मग मिसळीच्या टेबलावर कुणीतरी या दोन गोष्टी काढतंच. एक बाजू म्हणते व्हॅरिटेकवर अन्याय झाला, दुसरी म्हणते टोरींनी घरातलं बाहेर काढलं. पण टोरींनी नाकारलेला प्रस्ताव आणि व्हॅरिटेकने सही केलेला करार शेजारी ठेवून सहसा कुणी पाहत नाही. दोन्हीकडे मूळ आकडा एकच आहे: ५० लाख डॉलर.

आधी व्हॅरिटेक. डिसेंबर २००४ मध्ये त्याला कर्णधारपद आणि ४ वर्षांचे ४ कोटी डॉलर एकदमच मिळाले होते. २००८ चा हंगाम संपला तेव्हा वय ३६ आणि बॅटिंग सरासरी .२२०, म्हणजे शंभर प्रयत्नांत २२ हिट (चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं). उजव्या हाताच्या पिचरसमोर (चेंडू टाकणाऱ्यासमोर) तर त्याची बॅट पार थंडावली होती. त्याचे एजंट स्कॉट बोरास. यँकीजचा कॅचर होर्हे पोसाडा याला वर्षभरापूर्वी, त्याच वयात, ४ वर्षांचे ५ कोटी २४ लाख डॉलर मिळाले होते, त्यामुळे चर्चेत सतत तोच दाखला येत होता.

भाव पडला तो एका नियमामुळे, आणि इथेच बहुतेक वाद भरकटतात. त्या काळी फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेल्या) खेळाडूंची मागच्या दोन हंगामांच्या आकड्यांवरून वर्गवारी होत असे. व्हॅरिटेक ‘टाइप ए’ मध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात बसला. जुन्या संघाने अशा खेळाडूला लवादाचा प्रस्ताव द्यायचा. खेळाडूने तो घेतला तर एका वर्षाचा करार पक्का, रक्कम तेवढी लवाद ठरवणार. नाकारला तर तो मोकळा, पण त्याला घेणाऱ्या नव्या संघाला पुढच्या ड्राफ्टमधली (संघांनी नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या प्रक्रियेतली) पहिल्या फेरीची निवड जुन्या संघाला द्यावी लागे. पहिल्या १५ निवडी तेवढ्या सुरक्षित होत्या. त्या संघांची दुसऱ्या फेरीची निवड जायची. बॉस्टनने प्रस्ताव दिला आणि व्हॅरिटेकने डिसेंबरच्या सुरुवातीला तो नाकारला.

दुसऱ्या संघाच्या जागी बसून हा हिशोब करा. .२२० सरासरीचा, ३६ वर्षांचा कॅचर. त्याला पगार द्यायचा, वर विशीच्या आतबाहेरचा एखादा गुणी पोरगा गमवायचा. त्यात २००८ ची मंदी. गिऱ्हाईक उरलं एकच, ज्याला निवड गमवायची नव्हती ते, म्हणजे बॉस्टनच, आणि बॉस्टनला हे ठाऊक होतं. लवाद स्वीकारला असता तर आधीच्या पगाराच्या आसपास, म्हणजे १ कोटीच्या घरात, एका वर्षाचे मिळाले असते असा तेव्हाचा अंदाज होता. माझं मत स्पष्ट आहे: पैसे गेले ते डिसेंबरमधल्या नकारात. जानेवारीतला करार उलट चांगला बांधलेला होता.

बांधणी अशी: २००९ साठी ५० लाख पक्के. २०१० साठी आधी संघाची पाळी, हवा असेल तर पुन्हा ५० लाखांवर ठेवा. संघाने नाही म्हटलं तर पाळी खेळाडूची, तो स्वतःहून ३० लाखांवर राहू शकतो आणि किती सामन्यांत सुरुवातीपासून कॅचिंग करतो यावर आणखी २० लाखांपर्यंत कमावू शकतो. म्हणजे वाईटात वाईट झालं तरी दोन वर्षांचे ८० लाख हाताशी. घसरणीला लागलेल्या खेळाडूसाठी हे दुसऱ्या वर्षाचं कलम सोन्याचं असतं. झालंही तसंच. २००९ मध्ये सरासरी .२०९ वर आली, ३१ जुलैला बॉस्टनने व्हिक्टर मार्टिनेझ आणला, हंगामानंतर संघाने ५० लाखांना नकार दिला आणि व्हॅरिटेकने ३० लाखांचा पर्याय उचलला.

प्रोत्साहन रकमेचं कलम मात्र नीट वाचावं. मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या मुख्य बेसबॉल लीगच्या) नियमानुसार होमरन, सरासरी अशा कामगिरीच्या आकड्यांवर बोनस बांधता येत नाही. सामने, सुरुवात, बॅटिंगच्या पाळ्या, पुरस्कार यांवर बांधता येतो. म्हणून कॅचरचा बोनस बहुधा सुरुवातींवर लागतो, आणि रोज कोण सुरुवात करणार ते कागदावर लिहितो मॅनेजर. खेळाडूने कितीही जीव तोडला तरी त्या पैशाची चावी दुसऱ्याच्या खिशात. २०१० मध्ये मार्टिनेझ मुख्य कॅचर, त्यात व्हॅरिटेकच्या पायाचं हाड मोडलं. तो एकूण ३९ सामने खेळला.

‘पण पिचर सांभाळण्याची किंमत कुणी दिली?’ हा व्हॅरिटेकवाल्यांचा हुकमी सवाल. सवाल रास्त आहे. ७ जून २००७, ऑकलंड. बॉस्टनचा पिचर कर्ट शिलिंग याने नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात दोन बाद होईपर्यंत एकही हिट दिलेली नव्हती. समोर बॅटर शॅनन स्टुअर्ट. व्हॅरिटेकने स्लायडरची (बाजूला वळणाऱ्या चेंडूची) खूण केली. शिलिंगने नकारार्थी मान हलवली, फास्टबॉल टाकला, स्टुअर्टने तो उजव्या मैदानात मारला आणि नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेला सामना) गेला. शिलिंगने नंतर उघडपणे सांगितलं की मी त्याचं ऐकलं नाही. कॅचर म्हणून व्हॅरिटेकच्या नावावर चार नो-हिटर आहेत, नोमो, लो, बुकहोल्झ आणि लेस्टर यांचे. चौघांच्या चार तऱ्हा. स्टुअर्ट फास्टबॉलची वाट पाहत असेल हा अंदाज गृहपाठातून येतो, आणि व्हॅरिटेकच्या गृहपाठाच्या जाडजूड फायली प्रसिद्ध होत्या.

अडचण मोजण्याची. कोणता कॅचर असताना पिचर किती धावा देतो हे पाहणारा आकडा फार हलतो, कारण पिचर, मैदान, प्रतिस्पर्धी सगळं त्यात मिसळलेलं असतं. चेंडू ग्लोव्हमध्ये अलगद घेऊन पंचाकडून स्ट्राइक (बॅटरच्या विरोधातला निर्णय) मिळवण्याच्या कौशल्याचा पक्का हिशोब २०११ च्या सुमारास पुढे आला. त्यानंतर होझे मोलिनासारख्या, बॅटने कच्च्या कॅचरची किंमत लोकांना कळली. २००९ च्या जानेवारीत टेबलावर बसलेल्या कुणाकडेच तो कागद नव्हता.

जे मोजता येत होतं, म्हणजे बेस चोरणाऱ्या (चेंडू टाकला जात असताना पुढच्या बेसकडे पळणाऱ्या) धावपटूला रोखणं, ते व्हॅरिटेकच्या विरोधात होतं. होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) सेकंड बेस १२७ फूट सव्वातीन इंचांहून किंचित जास्त. पिचरचा चेंडू प्लेटवर यायला साधारण १.३ सेकंद, कॅचरने पकडून सेकंडला पोचवायला चांगल्या दिवशी २ सेकंद. बेरीज ३.३. वेगवान धावपटूला साधारण ३.४ लागतात. म्हणजे सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा. गुडघा किंवा खांदा थकला, उठायला किंचित वेळ लागला, की धावपटू सुखरूप. ३ मे २००९ ला टॅम्पा बेच्या कार्ल क्रॉफर्डने बॉस्टनविरुद्ध एकाच सामन्यात ६ बेस चोरले. सुरुवातीचा पिचर ब्रॅड पेनी, कॅचर व्हॅरिटेक. दोष एकट्या कॅचरचा धरू नका. पिचरची हालचाल संथ असेल तर मागचा माणूस काहीही करू शकत नाही.

मग बॉस्टनने सरळ नवा कॅचर का नाही घेतला? तर चांगला तरुण कॅचर कुणी सोडत नाही, आणि चुकीचा कॅचर काय करतो हे बॉस्टनने २००६ मध्ये पाहिलं होतं. बॉस्टनचा पिचर टिम वेकफील्ड याचा नकलबॉल फिरकी न घेता येतो, शेवटच्या क्षणी कुठेही वळतो, त्यासाठी वेगळा मोठा ग्लोव्ह लागतो. तो पकडायला जॉश बार्डला बसवलं आणि एप्रिल महिन्यातच त्याच्या हातून १० चेंडू निसटले. १ मे रोजी डग मिराबेलीला परत आणावं लागलं.

पोसाडाच्या लांब कराराचं काय झालं तेही पाहावं. २००८ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया, ५१ सामने. २००९ मध्ये .२८५, २२ होमरन आणि विजेतेपद. २०११ मध्ये वर्षाचे १ कोटी ३१ लाख, आणि काम प्रामुख्याने बॅटिंगचं, कारण कॅचर म्हणून त्याला बसवणं जवळपास थांबलं होतं. कॅचरला पस्तिशीनंतर चार वर्षं देणारा संघ शेवटची दोन वर्षं सहसा देणगी म्हणून देतो. आपल्याकडे धोनीला आयपीएल २०२५ साठी ‘अनकॅप्ड’ नियमाखाली ४ कोटी रुपयांत ठेवलं, त्याआधीच्या लिलावचक्रात १२ कोटी होते. तिथे नियमाने संघाचे पैसे वाचले, इथे नियमाने खेळाडूचे गेले.

आता दुसरा कागद. टोरी १९९६ ते २००७ यँकीजचे मॅनेजर. १२ हंगाम, बाराही वेळा प्लेऑफ (हंगामानंतरच्या विजेतेपदाच्या फेऱ्या), ४ विजेतेपदं. खेळाडू म्हणून ते स्वतः बरीच वर्षं कॅचर होते. ऑक्टोबर २००७ मध्ये संघाने त्यांच्यासमोर ठेवलं: एक वर्ष, ५० लाख, शिवाय प्लेऑफच्या प्रत्येक टप्प्याला १० लाख, असे जास्तीत जास्त ३० लाख. त्या वर्षीचा पगार ७५ लाख होता. टोरींना हा अपमान वाटला. लागोपाठ १२ वर्षं प्लेऑफला नेणाऱ्याला प्लेऑफसाठी आमिष कशाला, हा त्यांचा मुद्दा मला पूर्ण पटतो. ते लॉस एंजेलिस डॉजर्सकडे गेले, ३ वर्षांचे १ कोटी ३० लाख घेऊन.

पुस्तक ३ फेब्रुवारी २००९ ला आलं. पत्रकार टॉम व्हर्दुची सहलेखक, आणि मजकूर तृतीयपुरुषी: ‘टोरी म्हणाले’ असा. यामुळे वाचकाला टोरींचं मत, व्हर्दुचींची माहिती आणि इतर खेळाडूंनी सांगितलेलं यात फरक करावा लागतो. आधी फुटलेल्या बातम्यांनी तो केला नाही. यँकीजचा खेळाडू अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ याला सहकारी ‘ए-फ्रॉड’ म्हणायचे, हे टोरींच्याच तोंडचं म्हणून फिरलं. मग ७ फेब्रुवारीला रॉड्रिगेझच्या २००३ च्या उत्तेजक चाचणीची बातमी आली, ९ तारखेला त्याने कबुली दिली आणि पुस्तकावरची चर्चा तिथेच झाकोळली.

आमच्या टेबलावर ‘विश्वासघात’ हा शब्द फार सैल वापरला जातो. या पुस्तकाचे दोन भाग करा. यँकीजचे जनरल मॅनेजर (खेळाडूंची निवड आणि करार पाहणारे) ब्रायन कॅशमन करारावेळी आपल्या मागे उभे राहिले नाहीत, ही टोरींची तक्रार त्यांच्या स्वतःच्या नोकरीबद्दलची आहे आणि ती सांगायचा त्यांना हक्क आहे. लॉकर रूममध्ये कोण कुणाला काय म्हणायचं हे मात्र त्यांचं एकट्याचं नव्हतं. शिवाय ते तेव्हा डॉजर्सची लॉकर रूम चालवत होते. तिथल्या पोराने मॅनेजरपाशी मन मोकळं करताना काय विचार केला असेल? कॅचर आणि पिचर यांच्यातलं कामही अशाच बंद दारामागच्या बोलण्यावर चालतं: खांदा दुखतोय, आज स्लायडर वळत नाहीये, अमक्या बॅटरची भीती वाटते.

बॉस्टनचे मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनीही २०११ मध्ये संघ सोडल्यावर पुस्तक केलं. २०१३ मध्ये ते आलं तेव्हा तेही क्लीव्हलँडचे मॅनेजर होते. त्यात रोख प्रामुख्याने मालकांवर होता, म्हणून मी त्यांना वेगळं मोजतो. मंडळींपैकी निम्म्यांना हे मान्य नाही. मॅनेजर असेपर्यंत लिहूच नये, असं त्यांचं म्हणणं.

यँकीजने २०१४ मध्ये टोरींचा ६ क्रमांक निवृत्त केला. व्हॅरिटेकला बॉस्टनने २०२१ च्या हंगामासाठी कोचिंग स्टाफमध्ये घेतलं, सामन्याची आखणी करायला, म्हणजे त्या फायलींच्याच कामाला.

टाइप ए ची पद्धत आता नाही. २०१२ पासून क्वालिफाइंग ऑफर (जुन्या संघाचा ठरावीक रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) आहे, २०२५ च्या हंगामानंतर तिची रक्कम २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. एखाद्या मुरलेल्या कॅचरने ती नाकारल्याची बातमी आली, की पगाराच्या अंदाजाआधी दोन गोष्टी पाहायच्या: त्याला घेऊ पाहणाऱ्या संघाची ड्राफ्टमधली कोणती निवड जाणार, आणि बोनस सुरुवातींवर बांधलाय का. २०२६ पासून स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला आव्हान देता येतं, प्रत्येक संघाला दोन आव्हानं, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरनेच तिथल्या तिथे मागायचं. चेंडू अलगद घेऊन मिळवलेल्या स्ट्राइकची किंमत त्यामुळे थोडी उतरेल, आणि प्लेटमागे बसून स्ट्राइकची हद्द (झोन) अचूक ओळखणाऱ्या जुन्या डोळ्यांची चढेल, असा माझा अंदाज आहे.