नोंद ७ : हे धुकं धुऊन जात नाही

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की 'विकायच्या' ढिगाचं काम संपलं. वडिलांच्या संग्रहातल्या ६४ एलपी (३३⅓ च्या विनाइल तबकड्या) धुतल्या, वाळवल्या, ग्रेड (अवस्थेचा दर्जा) लावले, यादी तयार. ते शब्द मागे घेतो. ढीग पुन्हा जमिनीवर आलाय.

आधी चांगलं सांगतो, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या ठेवायच्या, हे पक्कं. ७५ मायक्रॉनची सुई अखेर हातात आली. एलपीची बारीक सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळायची, त्यामुळे इतके दिवस कानावर खरखरच यायची. नवी सुई दोन्ही भिंतींना बरोबर टेकते. पहिलीच तबकडी लावली आणि गाणाऱ्या बाईंनी समेआधी घेतलेला श्वास ऐकू आला! आरआयएएचा वक्र, म्हणजे तबकडी वाजवताना खालचे सूर वाढवायचं आणि वरचे कापायचं ठरलेलं प्रमाण, १९५४ चा. त्याआधीच्या तबकड्यांना तो लावला की १० किलोहर्ट्झपाशी जवळजवळ १४ डेसिबल कापले जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो. म्हणून या सगळ्या सपाट, म्हणजे कुठलाही वक्र न लावता, संगणकावर घेतोय, वक्र नंतर सॉफ्टवेअरमध्ये. पुन्हा एकदा सांगतो, यांना अल्कोहोल लावायचं नाही, लाख विरघळते.

आता मूळ दुखणं.

विकायच्या यादीतली एक एलपी सहज म्हणून लावली. दिव्याखाली आरशासारखी, एक चरा नाही. सुई टेकली आणि सुरू झालं : स्स्स... शांत... स्स्स... शांत. घड्याळ लावलं. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे ३३⅓ चा बरोबर एक फेरा. तबकडीच्या एका ठरावीक भागातच काहीतरी होतं. धूळ असेल म्हणून डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल; एलपी लाखेची नसते) आणि ब्रशने धुतली. स्स्स. मग लाकडाच्या गोंदाचा थर दिला, रात्रभर वाळवला, सकाळी सापाच्या कातीसारखा अख्खा सोलून काढला. फार समाधानाचं काम, पण स्स्स जागच्या जागी. मग एका मित्राचं अल्ट्रासॉनिक मशिन मागून आणलं. पाणी ३५ अंशांच्या वर जाऊ दिलं नाही, दहा मिनिटं फिरवली. स्स्स. (त्या मशिनबद्दल माझं मत : घाण असेल तर उत्तम, पण लोक त्याला धन्वंतरी समजतात.)

चिडून दुसरी बाजू लावली, तर ती निखळ. तिसऱ्या, चौथ्या एलपीलाही तेच, एक बाजू फुसफुसते, दुसरी स्वच्छ. इथे डोकं चालायला लागलं. दिवे घालवले आणि टॉर्च जवळजवळ आडवा धरून पाहिलं. फुसफुसणाऱ्या बाजूवर फिकट धुकं होतं, आणि त्याला आकार होता. लांबट सुरकुत्या, मध्ये बेटं. प्लॅस्टिकचं कव्हर जिथे जिथे चिकटून बसतं, हुबेहूब तो नकाशा.

अकरा वर्षांपूर्वी मी एक शहाणपणा केला होता. तबकडी जॅकेटात ठेवली की हाताळताना जॅकेटची शिवण फाटते, म्हणून वडिलांच्या बऱ्याचशा एलपी कागदी इनरसकट (आतल्या पिशवीसकट) बाहेर काढल्या आणि जॅकेटच्या मागे, जाड पारदर्शक आउटरमध्ये (बाहेरच्या प्लॅस्टिक कव्हरात) उभ्या केल्या. शिवणी वाचल्या. पण तबकडीची एक बाजू जॅकेटकडे राहिली आणि दुसरी अकरा वर्षं त्या आउटरला टेकून, मध्ये जेमतेम एक पातळ कागद.

आउटर विकणाऱ्याने 'संग्रहालय दर्जा' असं छापलं होतं. तो दर्जा आता मोजला. कोपरा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडला. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन तरंगतात. हा तुकडा दगडासारखा तळाला गेला. मग तांब्याची तार गॅसवर लाल केली, त्या प्लॅस्टिकला टेकवली, पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार! क्लोरीन, म्हणजे पीव्हीसी. (खिडकी उघडी ठेवून करा, धूर वाईट असतो.) मऊ पीव्हीसीत घातलेला प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक लवचिक ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतो आणि तबकडीच्या पृष्ठभागालाच बाधतो. वर काही साचलेलं नाही, मग धुऊन काय जाणार?

तरी शंका होती. पुरावा एका दोन तबकड्यांच्या संचाने दिला. त्यातली पहिली मी जॅकेटातच राहू दिली होती, कारण तिच्या खिशाची शिवण आधीच फाटलेली होती. दुसरी बाहेर, आउटरमध्ये. पहिली दोन्ही बाजूंनी स्वच्छ. दुसरीची एकच बाजू धुक्यात. इतका आनंद आणि इतका पश्चात्ताप एकाच क्षणी क्वचितच झाला असेल.

६४ पैकी ४१ बाधित निघाल्या. घेणाऱ्या गृहस्थांना काल फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दिसायला एनएम (जवळजवळ नव्यासारख्या) आहेत ना? मग द्या." नाही दिल्या. नुसतं बघून ग्रेड लावण्यावर माझा आधीही विश्वास नव्हता, आता तर मुळीच नाही. उरलेल्या २३ सुद्धा दोन्ही बाजू वाजवूनच जातील.

४१ चं काय, हे लिहायला बसलो तेव्हा उत्तर होतं : चांगल्या बाजू संगणकावर २४ बिट ९६ किलोहर्ट्झला उतरवायच्या, २२ मिनिटांच्या बाजूला साधारण ७६० एमबी, आणि तबकड्या भिंतीवर टांगणाऱ्या कुणाला तरी देऊन टाकायच्या. पण यातल्या डझनभर मोनो (डावी-उजवी वेगळी नसलेल्या) आहेत हे आत्ता लिहिता लिहिता लक्षात आलं. मोनोत गाणं खाचेच्या दोन्ही भिंतींवर सारखंच असतं, पण धुक्याची फुसफुस डावीकडे वेगळी, उजवीकडे वेगळी. दोन्ही चॅनल एकत्र केले तर गाणं टिकेल, फुसफुस थोडी मागे पडेल.

मध्ये उठून एक करून पाहिली. फुसफुस गेली नाही, पण तंबोऱ्याच्या खाली गेली. तेवढं पुरे आहे. मोनो कुणाला द्यायच्या नाहीत, त्यांचा वेगळा खोका केलाय.

घरभर अजून दोनशेच्या वर तेच आउटर आहेत. ३० काढून झाले. तुमच्याकडे जुने, जाड, हाताला किंचित चिकट लागणारे आउटर असतील तर आजच एक कोपरा पाण्यात टाकून बघा, आणि बुडाला तर आडव्या टॉर्चखाली काय दिसलं ते कळवा.