तळखडा

वारसा समितीची बैठक दुपारी तीनला होती आणि माझी टिपणी आदल्या रात्रीच लिहून तयार होती. शनिवार पेठेतला दुमजली वाडा, वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत, अर्ज दुरुस्तीचा आणि अंतर्गत बदलांचा. मागण्या चार होत्या. दर्शनी भिंतीचा फुगलेला गिलावा काढून नवा करायचा, गळकी कौलं बदलायची, चौकाला लागून असलेल्या सोप्यातले तीन कुजलेले लाकडी खांब काढून त्यांच्या जागी आरसीसीचे खांब घालायचे, आणि वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला एक संडास-बाथरूम बांधायचं.

मी काय लिहिलं होतं ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याभोवतीच फिरतं. गिलावा आणि कौलं यांच्यापुढे लिहिलं होतं, ‘किरकोळ दुरुस्ती, हरकत नाही.’ आरसीसीच्या खांबांपुढे, ‘अमान्य, पर्याय मागवावा.’ संडास-बाथरूमपुढे, ‘मूळ रचनेत बदल, लाकडी मजल्यावर पाण्याचा वापर, अमान्य.’ हे सगळं नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल आणि अर्जासोबतचे अकरा फोटो पाहून ठरवलं होतं. त्या आठवड्यात विषयपत्रिकेवर बरेच विषय होते आणि प्रत्येक जागी जाणं जमलं नव्हतं.

झोपताना एक फोटो मात्र डोक्यात राहिला. सोप्यातला सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचा खांब, वर तुळईला आधार देणारा केळफुलाचा हस्त, सगळं देखणं. पण खांब खाली येऊन थेट मोझॅकच्या फरशीत शिरत होता. वाड्यातला लाकडी खांब कधी जमिनीत शिरत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणूनच तो दगड असतो. नक्षी नंतरची. मग या वाड्यातले तळखडे गेले कुठे?

सकाळी साडेआठलाच निघाले. जाताना सदाशिव पेठेत एका देवळाच्या कामावर असलेल्या मिस्त्रींना सोबत घेतलं. ते मूळचे वाईकडचे, चुन्याचं काम वडिलांपासूनचं. नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी मला त्यांनी अनेकदा दाखवल्या आहेत.

दिंडी दरवाजातून आत गेलं की चौक. चौकात तुळशीवृंदावन, त्याला टेकून तीन स्कूटर, दोरीवर कपडे. चौदा बिऱ्हाडांच्या वाड्यात आता मालकांचं एक आणि भाडेकरूंची दोन एवढीच बिऱ्हाडं उरली होती. भाडेकरूंपैकी एक काकू दारातूनच बघत राहिल्या. दुरुस्तीचं नाव निघालं की आपल्याला बाहेर काढणार, ही भीती पेठांमधल्या सगळ्याच वाड्यांत आहे आणि ती उगाच नाही. मी त्यांना सांगितलं, “काकू, पाडायला नाही आलो, बघायला आलोय.” त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

अर्जदार चाळिशीतले, बँकेत नोकरीला. सुट्टी काढून थांबले होते. ते थेट खांबांकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी पिशवीतून टोच्या काढला. पहिल्या खांबाला कमरेच्या उंचीवर मारला तर टोच्या उसळून परत आला. घोट्याच्या उंचीवर मारला तर मुठीपर्यंत आत गेला, काही आवाज न करता. दुसरा खांब तसाच. तिसऱ्याला मात्र खालपर्यंत ठोकत गेले तरी टणटणीत आवाज येत राहिला. वाळवीने वरची साल तेवढी खाल्ली होती. “हा मेलेला नाही,” मिस्त्री म्हणाले. अहवालात मात्र तिन्ही खांबांपुढे एकच शब्द होता: निकामी.

मग भिंत. पुढच्या भिंतीचा गिलावा पोटासारखा पुढे आला होता. मिस्त्रींनी त्यावर बोटांची पेरं वाजवली. आत पोकळ. एक पोपडा सहज निघून हातात आला आणि त्याच्या पाठीला चिकटून जुन्या चपट्या विटेचा चेहराही आला. गिलावा सिमेंटचा होता. त्याच्या वर, छातीच्या उंचीवर, क्षारांचा पांढरा लोणा लागला होता.

सिमेंट पक्कं असतं म्हणून लोक ते लावतात, आणि नव्या बांधकामात ते ठीकच आहे. पण जुन्या वाड्याची भिंत विटा, माती आणि चुना यांची. ती जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर सोडते. त्यावर सिमेंट चढवलं की ओलीची वाट बंद होते. मग ती भिंतीतून आणखी वर चढते, आणि जिथे लाकूड भिंतीत शिरलेलं असतं तिथे, तुळईच्या टोकाशी, साचून राहते. भिंतीपेक्षा गिलावा टणक, त्यामुळे तो सुटताना विटेलाही घेऊन पडतो. हे मला ठाऊक होतं. इतरांना मी ते समजावून सांगते. आणि तरीही ‘गिलावा नवा करणे’ या तीन शब्दांपुढे, कशाचा गिलावा हे न विचारता, मी ‘हरकत नाही’ लिहिलं होतं.

एवढ्यात वरून हाक आली. “कोण आलंय रे? ते वारसावाले का?”

अर्जदारांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना खाली येणं जमत नव्हतं, म्हणून आम्हीच वर गेलो. जिना भिंतीच्या जाडीतला, अंधारा, पायऱ्या गुडघाभर उंच, धरायला वरून सोडलेला दोर. त्या जिन्याने दिवसातून पाच-सहा वेळा उतरायचं, चौक ओलांडायचा, मागच्या परसातल्या संडासात जायचं आणि पुन्हा चढायचं. मागच्या पावसाळ्यात त्या पडल्या होत्या. तेव्हापासून रात्री पाणी प्यायचं त्यांनी सोडलं होतं. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी पाणी नको म्हटल्यावर बोलण्याच्या ओघात आलं.

मी त्यांना तळखड्यांबद्दल विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, “आहेत की. खाली पुरलेत.”

“कधी?”

“पानशेतच्या वेळी. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पूर्वी चौकातून सोप्यात यायला दोन पायऱ्या होत्या, बाई. पूर ओसरला तेव्हा पायऱ्या दिसेनात, सगळा गाळ. काढून काढून हात सोलवटले. शेवटी मामंजी म्हणाले, राहू दे, दाबा आणि वरून कोबा घाला. मग पुढे कधीतरी ही फरशी.”

१२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांमधून पाणी शिरलं. किती वाडे तेव्हा बसले हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. जे उभे राहिले त्यांचं काय झालं याचा विचार मी कधी केला नव्हता. घरातलं होतं-नव्हतं ते वाहून गेलेल्या माणसांनी हाताला येईल ते वापरून घर पुन्हा उभं केलं. सिमेंट तेव्हा नवं आणि भरवशाचं वाटायचं. त्यांना दोष देववत नाही.

खाली येऊन मी अर्जदारांना म्हटलं, एका खांबाजवळची फरशी उखडून बघू द्या. ते कचरले. पुन्हा बसवायची कोणी, खर्च कोणाचा? वरच्या गॅलरीतून आवाज आला, “फोड रे. मलाही बघायचंय.”

मिस्त्रींनी आधी पहार घेतली नाही. शेजारच्या कामावरून दोन लोखंडी प्रॉप मागवले, तुळईखाली फळी देऊन टेकू लावले, आणि मगच फरशीला हात घातला. मोझॅक, त्याखाली कोबा, त्याखाली शहाबादी, त्याखाली काळा चिकट गाळ. जूनचा पहिला आठवडा, पाऊस अजून आला नव्हता, आणि तरी तो गाळ हाताला गार आणि ओला लागत होता. अट्ठावन्न वर्षांनी नदीचा वास आला, असं मी घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं. खरं तर तो तुंबलेल्या पाण्याचा वास होता. वाड्याच्या छपराच्या आतल्या बाजूचे सगळे उतार चौकाकडे. चारी बाजूंचं पावसाचं पाणी चौकात पडतं आणि दगडी मोरीतून बाहेर जातं. ती मोरीही गाळाखाली गेली होती. म्हणजे इतकी वर्षं दर पावसाळ्यात ते पाणी चौकाखालीच मुरत होतं.

चौदा इंच खाली दगड लागला. मिस्त्रींनी हाताने गाळ बाजूला केला. अष्टकोनी तळखडा, कडेने कमळाच्या पाकळ्या, एकही उडालेली नाही. त्याच्यावर जिथे सागवान असायला हवं होतं तिथे भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा काळा लगदा होता. अख्ख्या सोप्याचा भार कोब्याने खांबाला जो काही आवळून धरला होता त्याच्यावर आणि शेजारच्या तुळयांवर तोलला गेला होता. कोणीच काही बोललं नाही. अर्जदारांनी स्कूटर चौकातून बाहेर काढल्या.

निघण्याआधी मी पुन्हा वर गेले. संडास-बाथरूम मागितलेली जागा नकाशात ‘स्टोअर’ म्हणून दाखवली होती. पत्र्याचे डबे आणि जुना पाळणा हलवला तर खाली दगडी फरशी, कोपऱ्यात उतार, आणि भिंतीतून बाहेर जाणारी दगडी पन्हळ. ती न्हाणी होती. “लेकरांना इथंच न्हाऊ घालायचे मी,” आजी म्हणाल्या. ती मागच्या दोन फुटी जाड भिंतीवर टेकलेली, लाकडी मजल्याचा भार तिथे नाहीच. बांधणाऱ्याने दोनशे वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर पाण्याची जागा विचार करून ठेवली होती, आणि मी ती न बघता ‘मूळ रचनेत बदल’ म्हणून नाकारणार होते.

म्हणजे माझी टिपणी उलटी होती. जे किरकोळ म्हणून सोडलं होतं त्यानेच वाडा कुजत होता. जे नाकारलं होतं त्याने वाड्याला काहीच होणार नव्हतं, आणि एका म्हाताऱ्या बाईला रात्री पाणी पिता आलं असतं.

रिक्षात बसून टिपणी हाताने पुन्हा लिहिली.

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली आली, देशातली अशी पहिली. हळूहळू इतर शहरांतही समित्या आल्या, श्रेण्या आल्या. लोकांना वाटतं समिती म्हणजे नाही म्हणणारी माणसं. खरं तर नियमांत दुसऱ्या श्रेणीला आतल्या बदलांची बरीच मोकळीक आहे. पण टेबलावर बसून बघितलं की दर्शनी भागाची काळजी आपोआप जास्त वाटते, कारण फोटो त्याचेच असतात.

बैठकीत एका विषयाला पाच-दहा मिनिटं मिळतात. त्या दिवशी तास लागला. आरसीसी कोणालाच नको होतं. प्रश्न होता खांबांचं करायचं काय. समितीतल्या इंजिनिअरांचं म्हणणं, कुजलेला भाग कापून जुन्या सागवानाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडावा, बोल्ट मारावेत आणि खांब पुन्हा मूळ पातळीला आणावा. पण मूळ पातळी आणायची तर चौक खाली न्यावा लागतो, आणि बाहेरचा रस्ता डांबराचे थर चढून चढून आता उंबऱ्याच्या वर गेलाय. चौक खाली नेला तर रस्त्याचं पाणी आत येणार. मिस्त्रींनी सकाळी वेगळं सुचवलं होतं, ते मी मांडलं: जेवढा खांब कुजलाय तेवढा कापायचा आणि तळखडाच तेवढा वर उचलून चुन्यात बांधलेल्या दगडी ओट्यावर बसवायचा. नवीन लाकूड लागत नाही, सांधा नाही, आणि दगड पुन्हा जमिनीच्या वर येतो.

एक ज्येष्ठ सदस्य शेवटपर्यंत नाराज होते. तळखडा मूळ जागेवरून हलवला की वाड्याचं माप बदललं, खांबाची उंची कायमची गेली, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. आजही मी त्यावर विचार करते. पण पुरलेला दगड मूळ जागी असून खांबाच्या काय उपयोगाचा होता?

ठरलं ते असं. दोन खांब तळखडा उचलून, तिसऱ्याला हात लावायचा नाही. सोप्यातला आणि चौकातला कोबा काढायचा, मोरी मोकळी करून ड्रेनेजला जोडायची. सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा, पण दसऱ्यानंतर, कारण भर पावसात बाहेरच्या भिंतीवर चुना धरत नाही. तोवर टेकू, ताडपत्री आणि कौलं. न्हाणीत संडास-बाथरूमला मंजुरी. स्लॅब नाही, पाइप मागच्या भिंतीवरून बाहेरून.

संध्याकाळी अर्जदारांना फोन केला. चुन्याचा खर्च आणि थांबावं लागणार हे ऐकून ते वैतागले. आरसीसीचा ठेकेदार पंधरा दिवसांत करून देणार होता, त्यांच्या जागी मीही वैतागले असते. त्यांना म्हटलं, टेकू काढू नका, भाडेकरूंनाही सांगा, आणि स्कूटर बाहेरच लावा. मग न्हाणीचं सांगितलं. पलीकडे फोन हातातून हातात गेलेला ऐकू आला.

“बाई,” आजी म्हणाल्या, “दाराला कडी आतून लागेल ना?”

लागेल म्हटलं.