क्लॉक कोणाच्या हातात?

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात नवी मुलं रुजू झाली की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच: "सर, चिपमध्ये आयटूसीचं हार्डवेअर असताना तुम्ही कोडमधून पिना का हलवता?" आयटूसी म्हणजे चिप आणि सेन्सर यांनी दोन तारांवरून बोलायची पद्धत; पिना हलवणं म्हणजे त्या तारा प्रोग्रॅममधूनच वर-खाली करणं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी आधी एकच बघतो, क्लॉक, म्हणजे प्रत्येक बिटची वेळ ठरवणारा ठोका, कोणाकडे आहे. यूआर्ट या बोलायच्या दुसऱ्या पद्धतीत क्लॉकची तार नसते. समोरचा आपल्या वेगाने बोलत सुटतो, तुमच्यासाठी थांबत नाही. 9600 बॉडला, म्हणजे सेकंदाला 9600 बिटच्या वेगाला, एक बिट 104 मायक्रोसेकंदांचा. तो मधोमध वाचायचा, म्हणजे पुढे सवड 52 ची. कोडमधून वाचताना 60 मायक्रोसेकंदांचा इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच आलेलं दुसरं काम) घुसला की शेजारचाच बिट हाती येतो. म्हणून रिसीव्ह मी डोळे झाकून हार्डवेअरकडे देतो.

आयटूसीत मास्टर, म्हणजे संवाद चालवणारे, आपण असलो तर क्लॉक आपलं. इंटरप्टमुळे ते रेंगाळलं तरी सेन्सर मुकाट थांबतो. स्टँडर्ड मोडला 100 किलोहर्ट्झची वरची मर्यादा आहे, खालची नाही. प्रोसेसर तेवढा वेळ अडकतो, हे खरं. पण सेकंदाला एकदा तापमान वाचायचं तर ते परवडतं.

आणि एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पावसाळ्यात एका पंप पॅनेलमधला आमचा बोर्ड वीज लुकलुकली की गप्प व्हायचा. जाऊन मीटर लावला: एससीएल (क्लॉकची तार) 3.3 व्होल्ट, एसडीए (डेटाची तार) जवळजवळ शून्य. प्रोसेसर रीसेट झाला होता, सेन्सर नव्हता. तो बाइटच्या मध्यात, शून्याचा बिट धरून पुढच्या क्लॉकची वाट बघत उभा! हार्डवेअर ब्लॉक फक्त "बस बिझी" सांगत होता. मग एससीएल साधी पिन करून हाताने पल्स दिले. चौथ्या पल्सला एसडीए वर आली. जास्तीत जास्त नऊ लागतात: आठ बिट आणि एक पोचपावतीचा, म्हणजे अ‍ॅकचा. अ‍ॅकच्या जागी आपण एसडीए खाली ओढत नाही, म्हणून सेन्सर तार सोडतो. मग स्टॉप, म्हणजे संवाद संपल्याची खूण, द्यायचा आणि पिना पुन्हा हार्डवेअरच्या ताब्यात.

तेव्हापासून आमचा प्रत्येक बोर्ड चालू होताना आधी एसडीए वर आहे का ते बघतो, नसेल तर हे पल्स देतो. रोजचं वाचन मग हार्डवेअरने करा, माझी काहीच हरकत नाही.